डबी तीच, आतला माल निराळा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पुण्यात थंडी नुकतीच जाणवू लागली होती. सकाळी आमच्या मातोश्री आरशासमोरून उठून बाहेर आल्या आणि हातातली क्रीमची डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “अरे, हे आपलं नेहमीचं नाही. दुकानदारानं फसवलं तुला.” मी डबी निरखून पाहिली. नाव तेच, रंग तोच, किंमतही तीच. झाकणाखाली एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढ्या चांदणीत ‘आता अधिक हलके’ एवढे तीन शब्द मात्र नवे होते. “आई, तेच आहे. थोडं सुधारलंय, एवढंच,” असे म्हणून मी वर्तमानपत्रात डोके घातले.

आठवड्याने मातोश्रींच्या दोन्ही गालांवर तांबूस चट्टे उठले. ब्याऐंशी वर्षांचे वय. त्वचा कागदासारखी पातळ झालेली. आमच्या पेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, “अलीकडे चेहऱ्याला लावायचे काही बदलले का?” आम्ही उभयतांनी एका सुरात ‘नाही’ म्हटले. आमच्या दृष्टीने तेच उत्तर खरे होते. डॉक्टरांनी तरीही क्रीम थांबवण्यास सांगितले आणि दहा-बारा दिवसांत चट्टे गेले. त्यांचे कारण ते क्रीमच होते, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार मला नाही. डॉक्टरांनीही तसे सांगितले नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला देता आले नाही. कारण, आपण काही बदलले आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. बदल कंपनीने केला होता आणि तो आमच्यापर्यंत पोहोचला होता एका चांदणीतल्या तीन गुळगुळीत शब्दांनी.

राष्ट्रापुढील गंभीर प्रश्नांची चर्चा करणाऱ्या या पृष्ठांवर चेहऱ्याच्या क्रीमविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो स्वाभाविक आहे. परंतु आज मध्यमवर्गीयच काय, साध्या कष्टकरी घरातही साबण, दंतमंजन, तेल आणि क्रीम या वस्तू रोज अंगाला लागतात. बाजार आपल्या घरात शिरतो तो याच छोट्या डब्यांतून आणि पुड्यांतून. बाजार आणि कुटुंब यांच्यातील विश्वासाची परीक्षाही मग तेथेच व्हायची. म्हणून हा प्रपंच.

‘हलके’ म्हणजे काय?

आमची धाकटी कन्या औषधनिर्माणशास्त्र शिकते. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शाळेतच संपला. त्यामुळे पुढची शिकवणी तिच्याकडूनच घ्यावी लागली.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा एखाद्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या त्या भिंतीच्या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. हा चुना झिजला, की आतले पाणी हवेत उडून जाते आणि त्वचा कोरडी पडून ताणते, खाजते, फुटते. थंडीतील कोरडी हवा, कढत पाणी, तीव्र साबण आणि वार्धक्य ही चारही या झिजेची कारणे. त्वचा मऊ ठेवणारे कोणतेही क्रीम तीन मार्गांनी काम करते. ग्लिसरिनसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवतात. काही स्निग्ध द्रव्ये पेशींमधल्या फटी बुजवून त्वचा मऊ करतात. आणि पेट्रोलियम जेलीसारखी द्रव्ये वरून झाकण घालून पाणी उडू देत नाहीत. या तिन्हींचे प्रमाण कसे राखायचे, यातच सारी कला आहे.

‘हलके’ क्रीम म्हणजे ज्यात पाणी पुष्कळ आणि तेल थोडे, असे मिश्रण. पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत ठेवलेले असतात. लावताच पाणी उडते आणि पातळसा थर मागे राहतो. चेहरा तेलकट दिसत नाही, धूळ चिकटत नाही. आपल्या आजीच्या पिढीला परिचित असलेला ‘स्नो’ हा या हलक्या क्रीमचाच पूर्वज. स्टिअरिक आम्लावर थोड्या अल्काची क्रिया करून तो बनवीत. त्वचेवर चोळताच दिसेनासा होतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘व्हॅनिशिंग क्रीम’ असे नाव पडले.

पाणी आले, की त्यात जंतू वाढण्याची शक्यता आली. म्हणजे परिरक्षक द्रव्ये घालणे आले. तेल कमी केले, तर हाताला गुळगुळीतपणा लागत नाही. म्हणून सिलिकोन वर्गातील द्रव्ये आली. त्या द्रव्यांचा वास झाकण्यासाठी सुगंध आला. म्हणजे ‘हलके’ या एका शब्दामागे एवढी उलथापालथ असते. डबीवरचा शब्द एकच बदलतो. आत मात्र चार घटक जातात आणि पाच नवे येतात.

महिनाभराची परीक्षा

केवळ रागाच्या भरात लिहिणे हे पत्रकाराला शोभणारे नव्हे. म्हणून नव्या क्रीमची रीतसर परीक्षा घ्यायचे ठरवले. नागपूरच्या भगिनीकडे जुन्या बनावटीची एक न उघडलेली, मुदत न संपलेली डबी होती, ती मागवली. सौभाग्यवती, कन्या आणि मी अशा तिघांनी सबंध पौष महिना डाव्या गालाला जुने आणि उजव्या गालाला नवे क्रीम लावले. आयुष्यात दाढीच्या साबणापलीकडे चेहऱ्याला काही न लावलेल्या, पन्नाशी उलटलेल्या मनुष्याने आरशापुढे उभे राहून गालांची तुलना करावी, हे दृश्य घरात बराच काळ करमणुकीचा विषय झाले होते. ते असो.

निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगतो. नवे क्रीम वाईट नाही. ते क्षणात मुरते, चेहऱ्यावर चकाकी ठेवत नाही, बोटे चिकट होत नाहीत. कन्येची त्वचा तेलकट. तिला ते जुन्याहून अधिक आवडले. मधल्या काळात कामानिमित्त दोन दिवस मुंबईला जाणे झाले. तेथील दमट हवेत मलाही जुन्यापेक्षा नवेच सुसह्य वाटले. पण पुण्याच्या कोरड्या थंडीत सकाळी आठला लावलेले नवे क्रीम दुपारच्या जेवणापर्यंत जेमतेम टिके. उजवा गाल ताणू लागे, डावा मात्र दिवेलागणीपर्यंत मऊ राही. सौभाग्यवतींचा अनुभव नेमका हाच. शिवाय जुन्याला जवळजवळ वास नव्हता. नव्याला अत्तराच्या दुकानातून जाऊन आल्यासारखा दरवळ आहे आणि तो तासभर जात नाही.

मग दोन्ही डब्यांची खोकी भिंग घेऊन शेजारी शेजारी ठेवली. जुन्या यादीत पाण्याच्या पाठोपाठ ग्लिसरिन होते. नव्या यादीत त्याच्या आधी दोन सिलिकोन द्रव्ये येऊन बसली आहेत आणि ग्लिसरिन मागच्या बाकावर गेले आहे. वनस्पतिजन्य तेलाचे एक नाव नाहीसे झाले आहे. सुगंध जुन्या यादीत नव्हता, तो नव्यात आहे. परिरक्षकही वेगळा आहे. आपल्याकडील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे यादीतील वरच्या नावांची ही अदलाबदल म्हणजे प्रमाणांचीच अदलाबदल होय.

थोडक्यात, हे जुन्या क्रीमचे सुधारलेले रूप नाही. ते एक वेगळे क्रीम आहे. तरुण, तेलकट त्वचेसाठी आणि दमट हवेसाठी चांगले क्रीम आहे. त्याला वेगळे नाव देऊन ते बाजारात आणले असते, तर प्रस्तुत लेखकाने त्याची शिफारसच केली असती. आक्षेप क्रीमवर नाही. जुन्या नावाच्या पडद्याआडून ते घरात आणून सोडण्यावर आहे.

बदल का होतात?

घटक बदलणे हा गुन्हा नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. पुष्कळदा बदल आवश्यक असतो आणि काही वेळा तो ग्राहकाच्या हिताचाच असतो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचे एक परिरक्षक द्रव्य जगभर असंख्य क्रीममध्ये वापरले जात होते. त्याच्यामुळे त्वचेची ॲलर्जी होणाऱ्यांचे प्रमाण इतके वाढले, की अमेरिकेतील त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ या वर्षाचे ‘ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून त्याचीच निवड केली. लावून तशाच ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून मनाई केली. लिलिअल या सुगंधी द्रव्यावर १ मार्च २०२२ पासून तेथे बंदी आली. हलक्या क्रीमना रेशमी स्पर्श देणारे सायक्लोपेंटासिलोक्सेन हे सिलिकोन निसर्गात लवकर विघटित होत नाही. म्हणून त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांतही त्याच्या वापरावर जून २०२७ पासून तेथे कडक मर्यादा येते आहे. म्हणजे या काळात अनेक हलक्या क्रीमची घडण पुन्हा एकदा बदलणार, हे उघड आहे. असा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

परंतु सगळे बदल इतक्या शुद्ध हेतूने होत नाहीत. एखादे तेल महागले, म्हणून त्याच्या जागी स्वस्त द्रव्य येते. पुरवठादार बदलतो. कंपनीची मालकी बदलते. विपणन विभागाला तरुण ग्राहक हवा असतो आणि वीस वर्षे निष्ठेने तीच डबी घेणारी गृहिणी त्यांच्या हिशेबात ‘जुनी’ झालेली असते. या सर्व कारणांना डबीवर एकच नाव मिळते: ‘नवीन, सुधारित’. कोणासाठी सुधारित? कोणत्या बाबतीत सुधारित? याचे उत्तर तेथे नसते.

अमेरिकेत १९८५ च्या एप्रिल महिन्यात कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. लोकांनी इतका संताप व्यक्त केला, की अवघ्या ७९ दिवसांत कंपनीला जुने पेय परत आणावे लागले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग फसलेल्या निर्णयाचे उदाहरण म्हणून शिकवतात. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कंपनीने बदल जाहीर केला होता! जाहीर केला म्हणूनच लोकांना ‘नको’ म्हणता आले. न सांगता केलेल्या बदलाला ग्राहक नकार तरी कसा देणार?

आपल्याकडेही नाव बदलले, की त्याची देशभर चर्चा होते. १९७५ पासून घराघरांत पोहोचलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने भरले. नावाविषयी समाज इतका जागरूक असतो. ज्या घटकांचा त्वचेशी प्रत्यक्ष संबंध येतो, त्यांच्याविषयी मात्र आपण मौन सहन करतो.

वाग्भटाचे सहा लेप

घटक बदलण्याची कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वाग्भटाने मुखलेपांचा विचार केला आहे. तेथे त्याने एकच लेप बारा महिने सांगितलेला नाही. सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे लेप सांगितले आहेत. हेमंतातील त्वचेची गरज वेगळी, ग्रीष्मातील वेगळी, वर्षा ऋतूतील आणखी वेगळी. पौषातील पुणे आणि दमट मुंबई यांच्यात आम्हाला जो फरक दोन गालांवर दिसला, त्याची जाण त्या ग्रंथकाराला शतकांपूर्वी होती.

पण फरक पाहा. वाग्भटाने सहा वेळा घटक बदलले आणि सहाही वेळा ते नावानिशी सांगितले. कोणत्या ऋतूत काय घ्यायचे, हे वापरणाऱ्याला कळावे म्हणूनच तो श्लोकबद्ध करून ठेवला. वैद्याच्या ज्ञानाचा अर्थ तेथे ‘सांगणे’ असा होता; आजच्या बाजारात ज्ञानाचा अर्थ ‘झाकणे’ असा होऊ पाहतो आहे.

आपल्याकडे वैद्यमंडळी आजही शतधौत घृत बनवतात. गाईचे तूप तांब्याच्या पात्रात पाण्याने शंभर वेळा धुतले, की त्याचा रंग पांढराशुभ्र होतो, तुपाचा वास जवळजवळ जातो आणि लोण्याहून मऊ असे क्रीम हाती येते. त्याचे घटक दोन, कृती एक आणि ती सर्वांना ठाऊक. प्रत्येकाने घरी बसून तूप धुवावे, असे मी सुचवत नाही. आजच्या धावपळीत ते शक्य नाही आणि प्रत्येक त्वचेला ते मानवेल असेही नाही. सांगायचे एवढेच, की आपल्या परंपरेत औषधाची आणि प्रसाधनाची प्रतिष्ठा त्याच्या उघडेपणात होती.

कायदा आहे, पण फट मोठी आहे

प्रसाधनांसाठी आपल्या देशात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली केलेले २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. वेष्टनावर घटकांची यादी छापणे त्यांनुसार बंधनकारक आहे. परंतु ही यादी मागील खेपेहून वेगळी आहे, हे ग्राहकाला सांगण्याचे बंधन त्या नियमांत नाही. जुने खोके फेकून दिले, की तुलना करायला काहीच उरत नाही. खोके जपून ठेवणारी किती घरे असतात?

दुसरी फट अधिक गंभीर आहे. साठ मिलिलिटरहून कमी द्रव किंवा तीस ग्रॅमहून कमी घन वा अर्धघन माल असलेल्या लहान वेष्टनांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. कारण सांगायचे तर जागेची अडचण. पण ही लहान ट्यूब, ही पाच-दहा रुपयांची पुडी कोण विकत घेतो? ज्याला महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही, तो. मोठी डबी घेणाऱ्या सुखवस्तू गृहिणीला निदान भिंग घेऊन यादी वाचण्याचा मार्ग आहे. वस्तीतील धुणीभांडी करणारी भगिनी, जिचे हात दिवसभर पाण्यात आणि साबणात असतात आणि जिच्या त्वचेला खरी गरज आहे, तिच्या पुडीवर यादी छापलेली नसली तरी कायदा मोडला जात नाही. माहितीचा अधिकारही मग ग्रॅमवर विकत घ्यायचा काय? सामाजिक समरसतेचा विचार करणाऱ्यांनी या विषमतेकडेही लक्ष द्यावयास हवे.

तिसरी गोष्ट श्रद्धेशी निगडित आहे. ग्लिसरिन वनस्पती तेलापासून मिळते, तसे प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते. स्टिअरिक आम्लाचेही तसेच. यादीत मात्र दोन्ही ठिकाणी नाव एकच. म्हणजे यादीतील एक अक्षरही न बदलता मूळ स्रोत बदलू शकतो. ज्या घरात देवपूजेपूर्वी हे क्रीम लागते, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. १९८६ चा मूळ कायदा आणि आता त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा, या दोहोंनी हे तत्त्व स्वीकारले. २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो तो १९८६ च्या कायद्याच्या स्मरणार्थच. न सांगता घटक बदलणे हे त्या कायद्याच्या अक्षरात बसते की नाही, हे विधिज्ञांनी ठरवावे. त्याच्या आत्म्याशी मात्र ते खचितच विसंगत आहे.

स्वदेशीची खरी कसोटी

येथवर वाचलेल्या वाचकांनी बहुधा मनाशी ठरवले असेल, की ही कंपनी परदेशी असणार. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफेखोरीवर चार कडक वाक्ये लिहून हा लेख संपवणे मलाही सोपे गेले असते. पण सत्य सांगितले पाहिजे. ती कंपनी शंभर टक्के भारतीय मालकीची आहे. आमच्या घरात तिचे क्रीम आले तेच मुळी स्वदेशीच्या आग्रहापायी. मीच ते आणले होते.

म्हणून मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. कोणते घटक बदलले, का बदलले आणि ते डबीवर का सांगितले नाही, असे तीन साधे प्रश्न विचारले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. ग्राहकांच्या बदलत्या अपेक्षांनुसार उत्पादन अद्ययावत केले असून सुरक्षेच्या सर्व निकषांची पूर्तता केली आहे, अशा आशयाच्या चार ओळी आणि शेवटी कंपनीवरील लोभाबद्दल आभार. माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. परदेशी कंपनीने याहून वेगळे काय केले असते?

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या मंत्राने जे उद्योग उभे राहिले, त्यांची आठवण यावेळी झाल्यावाचून राहिली नाही. मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. त्याच सुमारास गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बनवला आणि त्यात काय आहे, हेच अभिमानाने पुढे मांडले. त्या साबणाचे बळ आतला माल सांगण्यात होते. स्वदेशी हा केवळ मालकाच्या पारपत्राचा प्रश्न नव्हता. बनवणारा आणि वापरणारा हे एकाच समाजपुरुषाचे अवयव आहेत, या भावनेचा तो प्रश्न होता. आपल्याच घरातल्या वृद्ध मातेच्या गालाला काय लागणार आहे, हे आपण तिला सांगणार नाही काय?

पुण्यात १९७४ मध्ये कै. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहकाला संघर्षाइतकेच संघटनेचे आणि प्रबोधनाचे शिक्षण देणे हा तिचा आग्रह होता. आपल्या घरात ती दृष्टी किती उतरली, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा. आज पंच परिवर्तनाच्या निमित्ताने स्वबोध, कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य हे शब्द आपण वारंवार उच्चारतो. स्वदेशी कंपनीला प्रश्न विचारणे म्हणजे स्वदेशीशी द्रोह नव्हे. ते त्या तिन्हींचे आचरण आहे. प्रश्न न विचारणारा ग्राहक स्वदेशी उद्योगाला दुबळे करतो. कारण घरच्याच माणसाने चूक दाखवली नाही, तर ती दाखवण्याची संधी परक्या स्पर्धकाला मिळते.

आपण काय करावे?

प्रथम घरातले. नेहमीच्या प्रसाधनाचे एक खोके जपून ठेवावे आणि नवी डबी आणली, की याद्या ताडून पाहाव्यात. ‘नवीन’, ‘सुधारित’, ‘अधिक हलके’ असे शब्द दिसले, की नवी वस्तू आणली आहे असेच समजावे. ती प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावी आणि मगच चेहऱ्याला लावावी. वृद्ध आणि लहान मुले यांच्याबाबत तर हे अवश्य करावे. त्रास झाल्यास वापर थांबवून डॉक्टरांकडे जाताना डबी आणि खोके दोन्ही सोबत न्यावे.

नंतर समाजातले. कंपनीला पत्र लिहावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवावे, गावातील ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटावे. एकट्याच्या पत्राला चार ओळींचे उत्तर येते. शंभर पत्रांची दखल घ्यावीच लागते.

आणि शासनाकडे तीन मागण्या. घटक किंवा त्यांचे प्रमाण बदलल्यास पुढे वर्षभर डबीच्या दर्शनी भागावर ‘घटक बदलले आहेत’ असे महिना-वर्षासह ठळक मराठीत वा त्या त्या प्रांताच्या भाषेत छापणे बंधनकारक व्हावे. लहान पुड्यांना दिलेली सूट रद्द व्हावी. जागा नसेल तर निदान क्यूआर कोडवर संपूर्ण यादी द्यावी आणि दुकानात ती लावलेली असावी. आणि ग्लिसरिनसारख्या द्रव्याचा स्रोत वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हे स्पष्ट लिहिले जावे. यांतील एकाही मागणीने कोणत्याही प्रामाणिक कारखानदाराचे नुकसान होणार नाही.

मातोश्रींनी ती डबी आता कन्येला देऊन टाकली आहे. स्वतः त्या डॉक्टरांनी सुचवलेले, सुगंधविरहित साधे क्रीम लावतात. कंपनीचे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बदलावंसं वाटलं, बदललं. त्याचं काही नाही. पण घरात माणसं आहेत, त्यांना सांगायचं तरी!”

एवढीच अपेक्षा आहे. आपल्या उद्योगांनी ती ऐकावी आणि आपण ती ऐकवत राहावे.